वाचकांचे प्रश्न : दुधी भोपळा, त्याचा रस आणि त्याचा कडूपणा

उन्हाळा लागल्यापासून आलेल्या पत्रांत दुधी भोपळ्याविषयीची पत्रे सर्वांत अधिक आहेत, म्हणून या अंकातील सदर त्यांनाच दिले आहे. बहुतेक पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची केवळ गावे छापली आहेत.

प्रश्न : आमचे आप्पा अडुसष्ट वर्षांचे आहेत. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आढळल्याने डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या असून स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवण्याचा सल्ला दिला आहे. रोज सकाळी अनाशेपोटी पेलाभर दुधीचा रस तुळस आणि पुदिना घालून घेतल्यास अडथळे आपोआप निघून जातात, असे शेजारच्या नानांनी सांगितले आणि तेव्हापासून आप्पा गोळ्या बंद करण्याच्या गोष्टी करू लागले आहेत. या रसाने खरोखर गुण येतो का? (चोपडा)

उत्तर : आधी गोळ्यांचे पाहू. रक्त पातळ ठेवणारी किंवा कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी रसाच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे, आणि उद्या स्टेंट बसल्यावर असे केले तर त्या जागी रक्ताची गुठळी होऊन जीवावर बेतू शकते. रक्तवाहिनीतील अडथळा म्हणजे आतल्या पृष्ठभागावर साचलेला मळ नव्हे. चरबी, तंतुमय ऊतक आणि पुढे पुढे कॅल्शियम यांचा तो थर वाहिनीच्या भिंतीच्या आतच वर्षानुवर्षे जमत गेलेला असतो, त्यामुळे पोटात गेलेला कोणताही रस त्याला धुऊन काढू शकत नाही.

तरीही नानांच्या सांगण्याला काहीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील ग्रंथात गोड दुधीला हृद्य म्हणजे हृदयाला हितकर म्हटले आहे, तो पित्त आणि कफ कमी करतो, रुची आणतो आणि धातूंची पुष्टी करतो असेही सांगितले आहे. त्याच ठिकाणी तो गुरु म्हणजे पचायला जड असल्याचे लिहिले आहे. दुधीला सरसकट ‘हलका’ म्हणण्याची आज जी पद्धत पडली आहे तिच्याशी हे जुळत नाही, आणि मंद अग्नी असलेल्या माणसाने कच्चा रस पेलाभर घेतल्यावर पोट का फुगते याचे उत्तरही बहुधा त्यातच आहे. प्रयोगशाळेत उंदरांना दुधीचे अर्क दिल्यावर त्यांच्या रक्तातील चरबी उतरल्याचे आढळले आहे. परंतु उंदराला दिलेला अर्क आणि माणसाने खाल्लेली भाजी यांत मोठे अंतर आहे, आणि त्या आधारावर हृदयरोगाचे औषध सोडून देता येत नाही.

दुधीचा खरा लाभ त्याच्या साधेपणात आहे. शंभर ग्रॅम दुधीत सुमारे ९५ ग्रॅम पाणी असते आणि त्यातून जेमतेम १४-१५ कॅलरी मिळतात. म्हणून वजन, साखर किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाच्या ताटात पोट भरणारी आणि अंगाला न लागणारी भाजी म्हणून त्याला तोड नाही. आप्पांना तो हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजवून, ज्वारीच्या भाकरीसोबत, आठवड्यातून तीन-चार वेळा द्यावा. मात्र भाजीवर बोटभर तेलाचा तवंग ठेवण्याची जी आपल्या भागाची खोड आहे, ती निदान या भाजीपुरती तरी सोडावी लागेल, नाहीतर दुधीचे पुण्य तेलात बुडून जाते.

रसाविषयी आणखी एक सावधगिरी सांगतो, कारण तिची चर्चा कमी होते. दुधीत शंभर ग्रॅमला सुमारे १५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. भाजी वाटीभर खाल्ली तर हे प्रमाण क्षुल्लक ठरते, पण पेलाभर रसासाठी अर्धा किलो दुधी किसला तर एकदम साडेसातशे मिलिग्रॅम पोटात जाते. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. ज्यांचे मूत्रपिंड अशक्त आहे, किंवा जे रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांच्या शरीरात मात्र ते साठू शकते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. हृदयरोग्याला नेमक्या याच गोळ्या बहुधा दिलेल्या असतात, म्हणून रस सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) आणि पोटॅशियमची तपासणी डॉक्टरांना दाखवून घ्यावी. तुळस-पुदिन्याविषयी माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : आम्ही परसात लावलेल्या वेलाला यंदा चांगले दुधी लागले, पण त्यांतील काही चवीला कडू निघाले. टाकून द्यावेत असे मला वाटते. सासूबाई म्हणतात की कारलेही कडूच असते, कडू पोटात गेले की साखर उतरते आणि जंत मरतात, तेव्हा टाकायचे कशाला. कोणाचे बरोबर? (शिरपूर)

उत्तर : तुमचे बरोबर आहे, आणि ते दुधी आजच टाकून द्यावेत. गुरांच्या गव्हाणीतही ते जाऊ देऊ नयेत.

सासूबाईंचा तर्क वरवर पटण्यासारखा असल्याने त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. कारले जन्मतःच कडू असते, त्याच कडूपणासह ते पिढ्यानपिढ्या खाल्ले गेले आहे आणि किती खावे याचा अंदाज घराघरांत आहे. दुधीचे तसे नाही. काकडी, दुधी, दोडका, गिलके या सर्व वेलींच्या रानटी पूर्वजांत कुकुर्बिटॅसिन नावाची तीव्र कडू द्रव्ये असतात आणि प्राण्यांनी फळ खाऊ नये म्हणून वेल ती तयार करतो. शेतकऱ्यांनी हजारो वर्षे गोड फळांचे बी निवडून राखले, तेव्हा कुठे ती आपल्या ताटातील दुधीतून जवळपास नाहीशी झाली. कडू निघालेल्या दुधीत तेच विष परत आलेले असते, आणि किती आले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून कडू आणि गोड दुधी अगदी सारखे असतात.

ते परत का येते, याची कारणे आपल्या हवामानातही सापडतात. कडक ऊन, पाण्याचा ताण, हलकी जमीन आणि वेलावर जून होऊ दिलेले फळ यांमुळे कडूपणा वाढू शकतो. तापीकाठी एप्रिल-मे महिन्यांत पाळीचे पाणी आठ दिवस लांबले की वेलाची जी गत होते, ती या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसरे कारण बियाण्याचे. शेजारच्या कुंपणावर कडू तुंब्याचा, म्हणजे रानटी कडू दुधीचा, वेल असेल तर त्याचे पराग तुमच्या वेलाच्या फुलावर येतात. त्या वर्षीच्या फळाची चव त्याने बदलत नाही, पण त्या फळाचे बी राखून पुढच्या वर्षी लावले तर वेलच कडू निघू शकतो. तुमच्याकडे हे बी घरचे होते की विकतचे, हे पत्रात नाही. घरचे असेल तर त्या वेलाचे बी यापुढे राखू नये.

आयुर्वेदाने हा फरक फार पूर्वी ओळखला होता आणि या विषयातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात उलटी करवणारी सहा मुख्य द्रव्ये सांगितली आहेत : मदनफळ, जीमूतक, इक्ष्वाकु, धामार्गव, वत्सक आणि कृतवेधन. त्यांतील इक्ष्वाकु म्हणजे कडू दुधी. जीमूतक म्हणजे देवडांगरी ही कडू रानवेल, तर धामार्गव आणि कृतवेधन हे गिलके-दोडक्याचे कडू भाऊबंद आहेत. अर्थात सहांपैकी चार द्रव्ये आपल्या मांडवावरच्या भाज्यांच्या गोतातील आहेत. एकट्या इक्ष्वाकूचे पंचेचाळीस योग म्हणजे औषधी कृती तेथे दिल्या आहेत, पण त्या वमन या, म्हणजे उलटी करवून शरीर शुद्ध करण्याच्या, शोधनकर्मासाठी आहेत. त्या कर्मात रोग्याला आधी स्नेहन-स्वेदन (तेल-तूप देणे आणि घाम आणणे) करावे लागते, त्याचे बळ पाहून मात्रा ठरवावी लागते आणि वैद्याला समोर बसून राहावे लागते. कडू तुंबी औषध आहे म्हणणाऱ्याचे म्हणणे म्हणूनच खोटे नाही. औषध कोणते, कोणासाठी, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा त्या म्हणण्यातला गाळलेला भाग आहे, आणि माणसे दगावतात ती त्या गाळलेल्या भागामुळे.

दगावतात हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारले यांचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. तो रस ते नेहमी घेत असत. त्या घटनेनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू दुधीच्या रसाने बाधा झालेल्या रोग्यांच्या नोंदी तपासल्या. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा, कडू लागल्यास तो पूर्ण टाकून द्यावा आणि दुधीचा रस इतर कोणत्याही रसात मिसळू नये, असा या समितीचा सल्ला आहे. शेवटच्या सूचनेचे कारण उघड आहे : कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा लपतो. पहिल्या उत्तरातील तुळस आणि पुदिना यांविषयी माझा आक्षेप हाच होता, कारण जी जीभ आपल्याला सावध करणार तिलाच त्या वासाने आपण फसवत असतो.

कडू रस पोटात गेल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत पोटात कळ येते, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. पुष्कळदा उलटीतून रक्त पडते आणि रक्तदाब एकाएकी खाली जातो. यावर उतारा म्हणून कोणतेही औषध नाही. शिरेतून सलाईन देणे, रक्तदाब सांभाळणे आणि जठराच्या आतील अस्तराची जखम भरून येईपर्यंत आम्ल कमी करणारी औषधे देणे, एवढेच दवाखान्यात करता येते, पण वेळेवर केले तर बहुतेक रोगी त्यातून बरे होतात. म्हणून घरी लिंबूपाणी, ताक किंवा मिठाचे पाणी पाजत बसू नये, मुद्दाम उलटी करवू नये, आणि उरलेला रस किंवा दुधीचा तुकडा दाखवण्यासाठी सोबत न्यावा.

शिजवल्याने हे विष जात नाही, याकडे सासूबाईंचे लक्ष अवश्य वेधावे. २०१५ साली जर्मनीत घरच्या बागेतील कडू झुकिनी, म्हणजे आपल्या भोपळ्याच्याच कुळातील फळ, शिजवून खाल्ल्याने एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला होता. भाजी करताना दुधीच्या देठाकडचा आणि टोकाकडचा तुकडा चाखण्याची आपल्या घरांतील बायकांची रीत आहे. ती नुसती चवीची चोखंदळता आहे असे समजून सुना ती सोडून देऊ लागल्या आहेत, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : भुसावळच्या उन्हात कामावरून परत आल्यावर माझी आजी दुधीचा कीस तळपायांना चोळून देत असे आणि डोक्यावर दुधीच्या बियांचे तेल थापत असे. आज कोणाला सांगितले तर लोक हसतात. यात काही अर्थ होता का? (यावल)

उत्तर : हसण्यासारखे त्यात काही नव्हते. ताज्या किसातील पाणी कातडीवरून वाळताना अंगातील उष्णता घेऊन जाते, म्हणून तळपायांची आग थांबते. ओल्या कापडानेही ते काही अंशी साधते, पण किसाचा ओलावा चिकटून राहत असल्याने तो अधिक वेळ टिकतो. आयुर्वेदात हातापायांच्या दाहावर शीत द्रव्यांचे लेप सांगितले आहेत आणि आजींची कृती त्याच परंपरेतील आहे.

तेलाची गोष्ट अधिक रंजक आहे. गोड दुधीच्या बियांचे तेल युनानी वैद्यकात रोगन कद्दू या नावाने प्रसिद्ध असून झोप न लागणे, डोके तापणे आणि मेंदूचा शोष म्हणजे कोरडेपणा यांसाठी ते टाळूवर चोळतात. फारुकी सुलतानांच्या काळापासून बुऱ्हाणपूर हे खानदेशाचे राजधानीचे शहर होते, तेव्हा हकिमांचे असे उपाय तापीच्या खोऱ्यातील हिंदू-मुसलमान अशा दोन्ही घरांत शिरले असावेत असा माझा तर्क आहे. तो तर्कच समजावा. दुधीच्या सोललेल्या बिया वाटून दूध-साखरेबरोबर थंडाई म्हणून देण्याची रीतही त्याच वळणाची वाटते. बिया गोड फळाच्या असाव्यात, एवढी एकच अट.

मात्र एक भेद कधीही विसरू नये. तळपायांची आग होणे वेगळे आणि उष्माघात वेगळा. पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेल्या दिवशी शेतातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला भोवळ आली, किंवा अंग तापून त्याची शुद्ध हरपू लागली, तर किसाची वाट पाहू नये. त्याला सावलीत घ्यावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि वाहन मिळेल तसे रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा रस ओतू नये.

प्रश्न : काविळीवर दुधीच्या पानांचा काढा देतात, तसेच काही ठिकाणी कडू फळाच्या पाण्याचे थेंब नाकात सोडतात आणि नाकातून पिवळे पाणी गळाले की कावीळ उतरली असे मानतात. हे करावे का? (अमळनेर)

उत्तर : पानांचा काढा साखर घालून काविळीत देण्याची पद्धत जुनी आहे. पाने गोड वेलाची असतील तर त्याने सहसा अपाय होत नाही, परंतु कावीळ त्याने बरी होते असे मी म्हणणार नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई या प्रकारची कावीळ बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपली आपण उतरते, आणि त्या काळात जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीच्या जीवावर बेतू शकते, तेव्हा तिच्या बाबतीत एक दिवसही दवडू नये.

नाकात थेंब सोडणे सर्वथा टाळावे. त्यासाठी बहुधा देवडांगरी किंवा कडू दोडका वापरतात. त्यातील तीव्र द्रव्याने नाकाचे अस्तर सोलवटून निघते आणि पिवळसर लस वाहू लागते. ती लस दुखावलेल्या अस्तराची असते, तिच्यातून यकृतातील पित्त बाहेर पडत नाही. काविळीत रक्तात वाढणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य त्याने उतरत नाही, उलट नाकातून रक्त येणे, तीव्र डोकेदुखी आणि चेहऱ्यावर सूज असे प्रकार मात्र ओढवतात.

प्रश्न : सातपुड्यातील पाड्यांवर वाळलेल्या तुंब्याची तुंबडी लावून रक्त काढणारे लोक पूर्वी असत. आता शहरात हेच काम काचेच्या पेल्यांनी करतात. याचा आयुर्वेदाशी संबंध आहे का? (शहादा)

उत्तर : निकटचा संबंध आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, जळवांवरील अध्यायात, रक्त काढण्याची तीन साधने एकत्र सांगितली आहेत. वाताने दूषित झालेल्या रक्तासाठी शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू, म्हणजे दुधीची वाळलेली कवटी. कातडीला आधी बारीक चिरा पाडून, अलाबूच्या आत दिवा ठेवून ती तेथे बसवावी, असे म्हटले आहे. दिव्याच्या उष्णतेने आतील हवा विरळ होते, दिवा विझल्यावर ती आकसते आणि निर्माण झालेल्या ओढीने रक्त वर येते. शहरातील काचेच्या पेल्यांत, पंप लावलेले प्रकार सोडले तर, हीच युक्ती आहे. पाणी आणण्याचा तुंबा, पोरांना नदीत पोहायला शिकवताना पाठीला बांधलेला भोपळा, एकतारीचा भोपळा आणि सातपुड्यातील काठी गावच्या होळीत नाचणाऱ्यांच्या कमरेला दिसणारे भोपळे या सर्वांना ज्या कवटीचा हलकेपणा आणि टणकपणा उपयोगी पडतो, तीच कवटी वैद्याच्याही कामी आली.

करवून घ्यायचे असेल तर ते पात्रताधारक वैद्याकडेच करवून घ्यावे आणि चिरा पाडण्याचे पाते नवे, निर्जंतुक आहे याची स्वतः खात्री करावी, कारण एकाच पात्याने हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही पसरू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, पंडुरोग (रक्तक्षय) किंवा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हा उपाय करू नये. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय असल्याने, तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला दुधी देता येतो का? (पारोळा)

उत्तर : सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करताना मुगाच्या खिचडीत शिजवून कुस्करलेला दुधी अवश्य द्यावा. कोवळा, नखाने सहज खरवडला जाईल असा घ्यावा, साल आणि बिया काढाव्यात, आणि बाळाला भरवण्यापूर्वी मोठ्या माणसाने त्याचा कच्चा तुकडा चाखून पाहावा. दुधीत पाणीच फार असल्याने त्याने बाळाचे पोट भरते, पण वाढीला लागणारी ऊर्जा मिळत नाही, म्हणून नुसता दुधी देऊ नये, खिचडीत चमचाभर तूप घालावे. कच्चा रस बाळाला कधीही पाजू नये.